थरथरीविरुद्ध वानखडे वहिनी

वानखडे वहिनी पहिल्यांदा आमच्या क्वार्टरवर आल्या तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही. दाराच्या पितळी पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "स्क्रूचं डोकं वर आलं आहे. पदर फाटन ना बाई कोणाचा!" संध्याकाळी त्या ड्रिल मशीन घेऊनच पुन्हा आल्या.

चंडीगडजवळच्या चंडीमंदिर लष्करी छावणीत आम्ही शेजारी. वहिनी नागपूरच्या, यजमान कर्नल. लग्नातला शालू एका खुर्चीच्या स्क्रूत अडकून फाटला, तेव्हापासून धातूतल्या प्रत्येक भोकाच्या तोंडाशी गुळगुळीत वाटी हवी, स्क्रूचं डोकं तिच्यात पूर्ण बुडायला हवं, असा त्यांचा हट्ट. कंत्राटदाराचा मिस्त्री ड्रिल भरधाव फिरवायचा. मग टोक थरथरायचं आणि वाटीच्या कडेला पाकळ्यांसारखे खरखरीत कंगोरे उठायचे. "काहून घाई करून राहिला बाप्पा?" वहिनी मराठीतच ओरडत. तो "हांजी, हांजी" म्हणत वेग कमी करी.

"हळू फिरवायचं, दाबून धरायचं, आणि मधात कापडाची घडी," हे त्या मला पोळ्या शिकवाव्यात तसं शिकवत. तेलात भिजवलेली घडी टोकाखाली ठेवली की थरथर खरंच थांबते. फक्त ऐन वेळी कापड हाताशी नसे.

क्लबात नव्या स्टीलच्या बाकाचं उद्घाटन होतं. जनरलसाहेब यायच्या जरा आधी वहिनींना त्याच्या भोकांशी तशाच पाकळ्या दिसल्या. त्यांनी सगळे स्क्रू काढले आणि ड्रिल सुरू केलं. घडीसाठी घेतलेला कर्नलसाहेबांचा रुमाल लगेच फाटून संपला. मग वहिनींनी त्यांच्या टायकडे पाहिलं.

"सुमन, रेजिमेंटची टाय आहे ही!"

"मग तर कापड चांगलंच असन."

जनरल आले तेव्हा कर्नल बिनटायचे ताठ उभे होते आणि बाक हलत होता. वहिनींनी मान वर न करता फर्मावलं, "जो भी है, उधर से दबाके पकड़ो जी!"

जनरलनी पकडला. कर्नलसाहेब पांढरेफटक पडले. त्यांची बढती याच माणसाच्या हाती होती. काम झाल्यावर जनरलनी भोकावरून बराच वेळ बोट फिरवलं. मग त्यांना स्वतःच्या गेटच्या बिजागऱ्या आठवल्या. म्हणाले, "मैडम, मेरे गेट के कब्ज़े भी देख लीजिए."

बढती मिळाली, पण बदलीसकट. निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक हलेना, कारण वहिनी त्याच्या मागच्या फाळक्याच्या लोखंडी पट्टीवर ड्रिल चालवत होत्या.

"अगं, ट्रक आपला नाही!" कर्नल ओरडले.

"हात तर कोणाचे तरी लागतीन ना याले," त्या म्हणाल्या आणि मला हाक मारली, "ये, दाबून धर."

मी दोन्ही हातांनी फाळका धरला. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.