पागोट्याच्या आधी

पारखीबाबा गोष्टसुद्धा अंगठ्यांनी ऐकत. अमरावतीच्या कापूसबाजारात मी त्यांच्या हाताखाली माल पारखायला होतो. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ते हलकेच ओढत, तंतू किती लांब, किती चिवट ते पाहत आणि निकाल देत. कोणी गोष्ट सांगू लागला की हात रिकामे असले तरी अंगठे तसेच चालू लागत. मग एकदम गर्जना होई, "थांब! कोनाले काय पाह्यजे? आन् आडवं कोन येऊन राह्यलं?" सांगणाऱ्याची अशी तारांबळ उडे की विचारू नका!

दिवसच मोठे धामधुमीचे होते! सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपलेली, आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडी कापसाशिवाय गत्यंतर नव्हते. गाड्यांची रांग पार वेशीबाहेर जाई. रेल्वे येणार, येणार म्हणून रोज नवी बातमी. आम्ही मिशांत कापूस घेऊन हिंडत होतो आणि दुपारी भाकरी सोडली की गोष्टींना ऊत येई.

त्यातली एक बाजाराच्या साऱ्या आवाराची लाडकी गोष्ट होती, जुन्या काळच्या एका मापाऱ्याची. त्याच्या मालकाच्या घरच्याच गाड्या आल्या, पण कापूस आतून ओला. मापारी म्हणाला, तोलणार नाही. मालक म्हणाला, तोल. मापाऱ्याने पागोटे काढून पारड्यात ठेवले आणि चालता झाला. इथे आम्ही सगळे "वाहवा!" म्हणून ओरडत असू.

"पागोट्याचं सारेच सांगतात," बाबा एकदा म्हणाले. "पन ते ठेवाच्या आंधी तो किती येळ उभा होता, ते काहून नाही सांगत कोनी?"

"त्यात काय सांगाचं, बाबा?" मी म्हणालो. "मालक लबाड, मापारी खरा."

"मालक नुसता लबाड असता तं मापारी तवाच गेला असता. मालकानं त्याची पोरगी उजवली होती, त्याच्या दुखन्यात उशाशी बसला होता. म्हनून पाय हालत नव्हता. भांडन मालकाशी नाही बाप्पा, मापाऱ्याचं मापाऱ्याशीच हाय!"

मी थक्क झालो. शंभरदा ऐकलेली गोष्ट एका प्रश्नाने पार उलटीपालटी झाली! मला तर नादच लागला. बायको शेजारणींचे भांडण सांगू लागली की मी मध्येच विचारी, "कोनाले काय पाह्यजे होतं?" ती लाटणे उगारी.

आणि त्याच हंगामात दर्यापुराहून माझ्या थोरल्या भावाची गाडी आली. आई गेल्यावर मला दादानेच वाढवले. मी हौसेने कापसात कोपरापर्यंत हात घातला आणि तो गारच पडला. वरचा थर कोरडा, आत पाण्याचा शिडकावा. वजन वाढवायची ती युक्ती तेव्हा गावोगाव चाले, पण असा माल गठ्ठ्यात गेला की आतून तापतो, कुजतो.

"घरचाच माल हाय," दादा हळूच म्हणाला. "काय पाह्यतं त्यात?"

बाबा दोन हातांवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे अंगठे चालत होते. मागच्या गाडीवानांनी ओरडायला सुरुवात केली, तरी मी तसाच उभा होतो.

"ओला हाय, दादा," शेवटी मी म्हणालो. "वाळवून आन."

दादाने बैल वळवले. त्यानंतर तो माझ्याशी कधीच बोलला नाही. बाबांनी शाबासकी दिली नाही, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. त्यांनी आपली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली.

रेल्वे आधी अकोल्याला आली, बाबाही तिकडे गेले, आणि तिथेच वारले. पुढे कामानिमित्त मी अकोल्याच्या जुन्या शहरात गेलो, तेव्हा कापसाच्या एका आवारात दुपारची बैठक रंगली होती. एक पारखी सांगत होता, "आमचे पारखीबाबा सांगत, अमरावतीले एका पारख्याच्या भावाचीच गाडी आली..." मी बैठकीच्या मागे जाऊन थांबलो. ओल्या कापसापाशी येऊन तो थांबला आणि सगळ्यांकडे पाहत म्हणाला, "आता सांगा, हा इतका येळ उभा काहून राह्यला?"

कोणी म्हणाले भ्याला, कोणी म्हणाले लाजला. तो मान हलवत राहिला.

"त्याच भावानं त्याले वाढवलं होतं," मी मागून म्हणालो.

"बरोबर!" तो आनंदाने ओरडला. "तुमी ऐकली हाय वाटते ही गोष्ट?"

मला हो म्हणता आले नाही, नाहीही म्हणता आले नाही. मी नुसता उभा राहिलो.