आकाशी शर्टाचं पोलकं

दिलवर माणसाला रामराम घालायच्या आधी त्याच्या छातीचं माप सांगायचा. टेप गळ्यात असायची, पण तिला हातही न लावता. कचेरीतला शिपाई समोरून गेला की "छत्तीस." जीपवाला शेठ गेला की "चव्वेचाळीस, पन पोट धरीसन." तो शिंपी होता. तळोद्यात जिथे धडगावच्या जीपा भरतात, तिथल्या एका ओट्यावर त्याचं मशीन होतं. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर मी जिम टाकली. पहिल्याच दिवशी मी जिना चढत असताना त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बेचाळीस. पन यामाना चार इंच तुन्हा नहीत, पैलवान."

ते चार इंच सुईचे होते. ते कुणाला दिसत नाहीत, अशी माझी समजूत होती.

म्हणून आधीच सांगून टाकतो. मी स्टेरॉइड घेत होतो आणि विकतही होतो. पोरं त्याला 'कोर्स' म्हणायची. पोलीस भरतीची पोरं, लग्नाची पोरं, नुसतीच आरशात बघणारी पोरं. आज माझे जुने मित्र म्हणतात, सगळेच विकतात, तू एवढं मनाला का लावून घेतोस? सगळे विकत असतील. दिलवरला मी विकलं.

दिलवर दिवसा शिंपी आणि सुगी सरली की सोंगाड्या पार्टीतला नाच्या. आमच्याकडच्या भिल्ल पाड्यांमध्ये या पार्ट्या गावोगाव फिरतात. सोंगाड्या हसवतो, आणि बाईचं काम पुरुषच करतो. दिलवरने ते वीस वर्षं केलं. पोलकी स्वतःची स्वतः शिवायचा, आत कापूस भरायचा, मिशी कधी वाढू द्यायचा नाही. अंग सडपातळ, आवाज गोड. जीपस्टँडवरची माणसं त्याला "काय वो बाई" म्हणून हाक मारायची. तो खाली मान घालणाऱ्यातला नव्हता. सुई दातात धरून म्हणायचा, "तू ये ना एक डाव लुगडं नेसीसन. हजार लोके शिट्या मारतस तव्हय पदर सावराले छाती लागस. तुन्ही तं बत्तीस शे."

एकदा मी त्याला विचारलं, कापड चुकून कमी कापलं गेलं तर काय करतोस? माझा एक पठाणी त्याने बिघडवला होता, म्हणून टोमणा होता तो. तो शांतपणे म्हणाला, "माप चुकनं म्हनीसन कापड फेकतस का? दुसरं काई शिवानं." पठाण्याच्या त्याने मला दोन बंड्या शिवून दिल्या. अजून आहेत.

त्याची बायको लवकर गेली होती. मुलगी एकच, कविता. ती नर्सिंगला होती. तिचं लग्न जमलं आणि बोलणी चालू असताना व्याही चहा पिता पिता म्हणाला, "पोर चांगली शे. पन मांडवमा आम्ही लोकेसले काय सांगाव? हाऊ नवरीना बाप का नवरीनी माय?" सगळे हसले. वीस वर्षं हजार माणसांचं हसू अंगावर घेणारा दिलवर स्वतःच्या घरच्या ओट्यावर गप्प बसला, कारण कविता दाराआड उभी होती.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा जिना चढून वर आला. आरशासमोर उभा राहून त्याने स्वतःलाच टेप लावली. "चौतीस," म्हणाला. "माले चाळीस पायजे. आनी दाढीमिशी दाट. लगीन अखाजीले शे."

मी म्हटलं, "दिलवरभाऊ, अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या पाच महिन्यांत व्यायामाने तेवढं होत नाही."

"व्यायामनं कोन इचारस? तू पोऱ्यासले जे देस ते."

मग त्याने एकच प्रश्न विचारला. आजही तो माझ्या कानात आहे. "टिकी का? लगीनपुरतं नको. व्याहीना दारमा मी मरापर्यंत जासू. तव्हरलोक टिकी का हाई अंग?"

मला उत्तर माहीत होतं. मी स्वतः दोनदा सोडून पाहिलं होतं. दोन्ही वेळा अंग पाण्यासारखं उतरलं, आणि मी घाबरून परत सुई धरली होती. त्याचं वय पंचेचाळीसच्या पुढे होतं, हेही दिसत होतं. मी म्हणालो, "टिकेल. हमखास."

एवढा एकच शब्द. त्याच्या पुढचं सगळं या शब्दातून आलं.

दिलवरने त्याच आठवड्यात एक गोष्ट केली, जी शिंपीच करू जाणे. लग्नात घालायचा शर्ट त्याने तेव्हाच कापला. चकाकतं आकाशी कापड, छाती चाळीस. मी म्हटलं, आधी अंग तर होऊ दे. तो म्हणाला, "कापड कापं म्हनजे मांगे फिरता येस नई." तो शर्ट मशीनच्या मागे खिळ्याला टांगलेला असायचा आणि दर रविवारी तो घालून बघायचा. खांदे भरत गेले. पाठीवर फोड आले, चिडचिड वाढली, गिऱ्हाइकांवर ओरडायला लागला. पण मिशी आली. अखाजीला तो आकाशी शर्ट घालून मांडवात उभा राहिला. बाहीला कुठे चुणी नव्हती. व्याह्याने मिठी मारली तेव्हा दिलवरने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. मला कळलं. तो व्याह्याचं माप सांगत होता. "सदतीस."

मी खूश झालो होतो. तेही लिहायला हवं.

लग्नानंतर त्याने कोर्स बंद केला. पावसाळा संपेपर्यंत खांदे उतरले, दंड उतरले. आणि छातीवर, दोन्ही बाजूंना, गाठी आल्या. दुखायच्या. मग सूज वाढत गेली. सुई बंद केली की काही पुरुषांना असं होतं, हे मी ऐकून होतो. एका दुपारी त्याने मला ओट्यामागच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सदरा वर केला. कापसाशिवाय बाईसारखी छाती.

"बाकी सगळं गयं," तो म्हणाला. "हाई ऱ्हायनं. तू सांगेल व्हतं ना, टिकी. टिकनं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी त्याला नंदुरबारला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे औषध कुणी दिलं? मी शेजारीच बसलो होतो. दिलवर म्हणाला, "बजारमाईन लिधं." मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने गाठी निघतील. पण ईसीजीची पट्टी चांगली नाही, आधी हृदयाचं बघा. दिलवरने हृदयाच्या गोळ्या सुरू केल्या. तो हिवाळा त्याने छातीला फडकं गुंडाळून, वर जाड बंडी घालून काढला. पार्टीत गेला नाही. जीपस्टँडवर कुणाचं माप सांगितलं नाही.

मग होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आला. कविताच्या सासरच्या गावाजवळच भरतो. ढोल, फुंकायच्या लांब पावऱ्या, जलेबीची दुकानं, नवे कपडे घालून डोंगरातून उतरलेली माणसं. भर दुपारी सोंगाड्या पार्टीने फळ्या टाकल्या, आणि बाईच्या कामाला दिलवर आला. मी गर्दीत होतो. व्याही पुढेच खाटेवर बसला होता, शेजारी त्याचे भाऊबंद, मागे कविता.

दिलवरच्या अंगात आकाशी पोलकं होतं. लग्नातला शर्ट त्याने उसवून, पुन्हा कापून, स्वतःच्या नव्या मापाला शिवला होता. व्याह्याने कापड ओळखलं. त्याचा चेहरा मी बघत होतो.

सोंगाड्याने नेहमीचा चाळा केला. "काय वो बाई, यंदा कापूस महाग शे, तरी भलताच भरा?"

दिलवरने पदर बाजूला केला. "कापूस नई शे भाऊ. घरना माल शे."

शिट्या पडल्या. त्याने शिट्या थांबू दिल्या नाहीत, त्यांच्यावरूनच बोलला. "वीस वरीस कापूस भरीसन बाई व्हयनू, तुम्ही हासनात. मांगला साल सुई टोचीसन मर्द व्हयनू, तुम्ही मिठ्या मारनात. हाई त्या मर्दानगीनं फळ शे. आते हासा. पोट धरीसन हासा. पन मी नवरीना बाप शे, आनी तिनी मायबी मीच शे. दोन्ही कामं करीसन वाढायेल शे तिले."

सोंगाड्या चांगला नट होता. त्याने विचारलं, "आनी सुई टोची कोनी?"

"एक पैलवाननी. नाव सांगू का?"

"सांग!" सगळा बाजार ओरडला.

दिलवरने गर्दीत मला शोधून काढलं. मी हललो नाही. तो म्हणाला, "नई. त्याले लाज वाटी." आणि ढोलकीवाल्याला खूण करून नाचायला लागला. तसा तो आधी कधी नाचला नव्हता. व्याही उठून गेला नाही. गाणं संपल्यावर कविता सगळ्यांसमोरून चालत फळीपर्यंत गेली आणि बापाला पाण्याचा तांब्या दिला.

त्यानंतर त्याने ऑपरेशनचं नाव काढलं नाही. "मन्हं अंग शे. व्याहीनं नई, तुन्हंबी नई." दोन हंगाम तो त्याच पोलक्यात नाचला. मागच्या श्रावणात मशीनवर बसल्या बसल्याच गेला. हृदय. सुईमुळे गेला, असं कुणी लिहून दिलं नाही. सुईमुळे नाही गेला, असंही मला कुणी सांगू नये.

अंघोळ घालायच्या वेळी भाऊबंदांपैकी कुणीतरी छातीला बांधायला फडकं आणलं. लोक बघतील म्हणून. कविताने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या. बाबांनी बाजारात लपवलं नाही, तर आता कशाला?"

सगळं आटोपल्यावर मी तिच्याजवळ गेलो. म्हणालो, "कविता, तो पैलवान मी."

"मला माहीत आहे, काका." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला सांगून काय उपयोग? तुमच्या जिममध्ये सांगा." आणि मशीनच्या खणातून टेप काढून तिने माझ्या हातात दिली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

टेप आता जिमच्या आरशाशेजारी खिळ्याला आहे. सुई मी सोडली, विकणंही बंद केलं. निम्मी पोरं समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या जिमला गेली. जाऊ देत. नवीन पोरगं आलं आणि त्याने हळूच कोर्सचं विचारलं, की मी त्याला बसवतो आणि दिलवरची ही गोष्ट सांगतो. पैलवानाच्या जागी माझं नाव घालून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तरी एखादा विचारतोच, "पण सर, टिकतं का?"

मी सदरा काढतो, टेप स्वतःच्या छातीला लावतो आणि त्यालाच वाचायला सांगतो.

अडतीस.