हळर्णच्या शाळेचा नवा टेप

पहिली कळशी पडली ती सुलभाच्या डोक्यावरून. ठण्ण करून लाद्यांवर आपटली आणि गडगडत पार दारापर्यंत गेली. तिच्या मागोमाग दुसरी. तिसरी डुगडुगायला लागली तशी मी ओरडले, "मास्तर, बंद करा तो टेप! आधी बंद करा!"

परब मास्तरांनी बटण दाबलं. टेप नवा कोरा. आदल्याच दिवशी म्हापशाहून आणलेला, पुढच्या जाळीवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. आणि त्याच्यावर वाजलेल्या पहिल्याच गाण्याला माझ्या पोरींच्या कळश्या जमिनीवर.

मी नाच शिकवायचे. पेडणे तालुक्यातल्या शाळांतून, आज इथे तर उद्या तिथे. क्लासबिस मी कुठे केलेला नाही. धालोच्या, म्हणजे बायकांच्या नाचाच्या, मांडावर वाढले, फुगड्या घालत मोठी झाले, बाकीचं बघून बघून उचललं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, गावोगाव स्पर्धांना ऊत आलेला. प्रत्येक शाळेला स्टेजवर एक नाच हवाच. आणि नाच म्हटला की कॅसेट आली, आणि कॅसेट आली की टेप आला. माझ्या धंद्यात पायांपेक्षा जास्त त्रास मला त्या टेपांनी दिलाय. पाय दुखले तर तेल लावता येतं. टेपाला काय लावणार?

हळर्णच्या शाळेचा जुना टेप कुणा पालकानं कुवेतहून आणून दिलेला. आला तेव्हा म्हणे गाव बघायला लोटला होता. माझ्या वाट्याला आला तेव्हा त्याचं झाकण नीट लागत नव्हतं. मास्तर त्यात सिगारेटच्या पाकिटाची घडी खुपसायचे. आणि तो फीत गिळायचा. म्हणजे कॅसेटमधली ती बारीक तपकिरी पट्टी चाकाभोवती गुंडाळून आत ओढून घ्यायचा. मग ती अलगद सोडवा, पेन्सिल घालून परत गुंडाळा, देवाचं नाव घ्या आणि पुन्हा लावा.

आदल्या वर्षी त्यानं ऐन तालुक्याच्या स्पर्धेत गिळली. कळशी नाच होता. पोरी डोक्यावर कळश्या घेऊन रांगेत उभ्या, गाणं "गुर्र" करून थांबलं. मी विंगेत फीत ओढतेय, मास्तर माझ्यावर टॉर्च धरून उभे, आणि समोर सगळा हॉल टाळ्या वाजवतोय. कौतुकाच्या नव्हेत, दुसऱ्या. सुलभा मधोमध होती. ती कळशी न पाडता रडली. डोळ्यांतून पाणी चाललंय, मान ताठ. ते मला आजही आठवायला नको वाटतं.

यंदा सुलभा चौथीत. म्हणजे या शाळेतलं शेवटचं वर्ष. तिनं स्वतःच येऊन सांगितलं होतं, "बाई, परत कळशी नाचच घालूया. तोच." म्हणून तर स्पर्धा तोंडावर आल्यावर मी हट्ट धरला, की जुना टेप स्टेजवर न्यायचा नाही. पालकांनी वर्गणी काढली आणि नवा आला.

आणि आता हे.

"गाणं पळतंय," मी म्हटलं.

"गाणं कसं पळेल बाई? कॅसेट तीच आहे."

"मास्तर, मी काय आज नाच शिकवतेय? आठाला पोरी गिरकी संपवतात. हा टेप सहालाच पुढे जातो."

इथे जरा सांगते. आमचं सगळं गणित आठाचं. मनात एक ते आठ मोजायचं, आठाला पाऊल पुरं. पोरींच्या अंगात तो आठ एकदा बसला की बसला. डोक्यावर जड तांब्याची कळशी असली तर मग बघायलाच नको. घाई केली की कळशी खाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी टेप घेऊन म्हापशाला. दुकानदाराला सांगितलं, आमच्या जुन्यावर गाणं नीट वाजतं, तुमचा टेप खराब, बदलून द्या. त्यानं माझी कॅसेट घेतली, फळीवरच्या दुसऱ्या टेपात घातली. पळालं. तिसऱ्यात घातली. पळालं.

"बाये," तो म्हणाला, "तिनूय टेप धांवतात आनी तुजो एकटोच सारको चलता? कशें तें?"

"तुमचा सगळा मालच तसला असेल."

तो हसला. माझं डोकं आणखी तापलं. "तुजो पोरनो टेप कितल्या वर्सांचो?" त्यानं जुन्याचं वय विचारलं. मी सांगितलं. मग त्यानं एक बिघडलेला टेप उलटा करून आतलं रबर दाखवलं. बांगडीएवढं, काळं, बारीक. मोटर फिरते ती या रबरानं चाकाला फिरवते. उन्हात, दमट हवेत वर्षं गेली की ते सैल पडतं. मग मोटर आपली फिरते, पण चाक रेंगाळतं. एका दिवसात नाही, हळूहळू. कुणाला कळतसुद्धा नाही.

बसमध्ये मी तो टेप मांडीवर घेऊन बसले आणि कोलवाळच्या पुलावर मला आठवलं. गाणारी बाई. जुन्या टेपात तिचा आवाज घोगरा, जाड, पडसं झाल्यासारखा. आम्ही म्हणायचो, काय खानदानी आवाज आहे! दुकानात तीच बाई पोरसवदा वाटत होती. म्हणजे नवा टेप पळत नव्हताच. आमचा जुना लंगडत होता, आणि मी दोन महिने माझ्या पोरींना त्या लंगड्याबरोबर चालायला शिकवलं होतं.

कुणावर चिडायचं तेच कळेना, तेव्हा मी कंडक्टरवर चिडले.

शाळेत आल्यावर सांगितलं तर मास्तर म्हणाले, "मग पोरींना जरा लवकर नाचवा."

"जरा लवकर! मास्तर, तुम्ही घ्या बघू डोक्यावर कळशी."

तरी दोन दुपारी प्रयत्न केला. कळश्यांना पोचे पडले, पोरी रडकुंडीला आल्या. सुलभाची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली, हातात चेपलेली कळशी. "बाई, ही माझ्या आवशीची. चेपली ती चेपली. पण चेडू गेल्या वर्सासारखा रडत घराक इला, तर मी गप बसूचंय नाय."

त्यानंतर मला सुचलं ते खरं तर वैतागातून. मी म्हटलं, "पोरी बदलत नाहीत ना? मग गाणंच बदलू." नव्या टेपाला रेकॉर्डिंगचं लाल बटण होतं. जुना आणि नवा समोरासमोर ठेवायचे, जुन्यानं लंगडत गायचं, नव्यानं ऐकून कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचं. मग ती लंगडी कॅसेट नव्या टेपावर वाजवायची. गाणं हळू, आणि गिळायची भीती नाही.

"आणि उतरवतानाच जुन्यानं गिळली तर?" मास्तर.

"तर तुम्ही गा."

शाळा सुटल्यावर दारं-खिडक्या लावल्या. पोरींना घरी जा म्हटलं तर एकही जाईना. तोंडावर बोट ठेवून बसल्या. पहिल्या खेपेला कुणीतरी शिंकली. दुसऱ्या खेपेला मास्तरांची खुर्ची करकरली. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून भिंतीला टेकून उभे राहिले. तिसऱ्या खेपेला गाणं नीट निघालं. एक कडवं, दुसरं कडवं, मी श्वास धरून. आणि शेवटच्या कडव्याच्या तोंडाला बाहेर रस्त्यावर,

"पों पों! पों पों!"

पोदेर. संध्याकाळचे पाव घेऊन सायकलवरून आलेला, नेमका शाळेच्या दाराशी थांबून भोंपू दाबतोय. शाळेजवळ सिमेंटचं काम चाललं होतं, त्यावरची कोल्हापूरची माणसं तिथे पाव घ्यायची, तो तिथे थांबणारच. मी डोकं धरलं. पण थांबवलं नाही. म्हटलं, शेवटपर्यंत जाऊ दे, मग चौथी खेप करू.

गाणं संपलं. आणि संपता संपता जुन्या टेपानं "गुर्र" केलं. या वेळी फीत नुसती गिळली नाही, तोडली. मी तुकडा हातात घेऊन बघत राहिले. आता जगात आमचं गाणं एकच उरलं होतं, पोदेरासकट.

दुसऱ्या दिवशी तालमीला भोंपू वाजला की पोरी फिदीफिदी हसायच्या आणि कळश्या हलायच्या. पाच-सहा वेळा हेच. शेवटी मी ओरडले, "हसायचं नाही! पोदेर आला की गुडघ्यावर बसायचं. हाच इशारा!" तसंही त्या जागी बसायचंच होतं, आणि नेमकं तेच पाऊल पोरी कुणी आधी, कुणी मागाहून टाकायच्या. सुलभा म्हणाली, "बरं झालं बाई, आता मोजायला नको." आणि खरंच, रांग एका दमात खाली.

स्पर्धेच्या दिवशी पेडण्याच्या हॉलात मास्तरांनी नवा टेप माईकसमोर ठेवला. घोगरी बाई गायला लागली. पोरी आल्या. मी विंगेत, हातात पेन्सिल. सवय. शेवटचं कडवं आलं आणि मोठ्या कर्ण्यांतून सगळ्या हॉलात "पों पों! पों पों!"

मागून कुणीतरी पाव मागितल्यासारखं ओरडलं, "दोन उंडे दी रे!" आणि हॉल हसायला लागला. मी सुलभाकडे बघत होते. ती हसली नाही, रडली नाही. भोंपूबरोबर गुडघ्यावर बसली, सगळ्या रांगेसकट, आणि एकही कळशी हलली नाही. हसणारे लोक त्याच दमात टाळ्या वाजवायला लागले. या वेळच्या टाळ्या मी ओळखल्या.

दुसरा नंबर आला. फोंड्याहून आलेले परीक्षक माईकवर म्हणाले, की ग्रामीण सकाळचं वातावरण पार्श्वसंगीतातून फार सूचकपणे उभं केलं आहे. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "बाई, पोदेराक बक्षिसाचो वाटो देवचो पडतलो." आणि सुलभा खाली उतरल्याबरोबर कळशी घेऊन आईकडे धावली. "आये, पडूक नाय!" एवढंच.

तो नवा टेप दोन पावसाळे टिकला. तिसऱ्याला बुरशी धरून त्याचं लाल बटण आत गेलं ते वर आलंच नाही. जुन्याचं रबर मास्तरांनी बदलून घेतलं. मग तोही इतर टेपांसारखाच वाजायला लागला, म्हणजे माझ्या काही उपयोगाचा राहिला नाही. पुढे सीडी आल्या, ओरखडे पडून अडकायच्या. आता मोबाईल आणि तो डब्यासारखा स्पीकर, ऐन वेळी चार्जिंग संपतं. कुणाचंच आयुष्य माझ्या गुडघ्यांएवढं नाही.

सुलभा आता आमोण्याला नांदते. मध्यंतरी डिचोलीच्या बाजारात भेटली. म्हणाली, "बाई, अजून भोंपू ऐकला की माझे गुडघे वाकतात. सासू म्हणते, पाव घ्यायला बसतेस कशाला?"

नवीन बायका मला विचारायला येतात, मावशी, नाच बसवताना काय बघायचं? मी सांगते: पायबिय नंतर. आधी गाणं दोन टेपांवर ऐका. आणि टेप बदलायचाच असेल, तर पहिलं पाऊल शिकवायच्या आधी बदला.