धायरीला धाडलेला कागद

माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलेलं होतं. श्रीमंतांच्या राज्यात ज्याचं मोडी वळणदार, त्याला पुण्यात कचेरीत जागा मिळायची. मला ती मिसरूड फुटायच्या आतच मिळाली. सदाशिव पेठेत बिऱ्हाड, चार पावलांवर कचेरी. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

त्या वर्षी चैत्रात मुठेवरचा एक जुना बंधारा दुरुस्त करायचं ठरलं. त्यासाठी अडलेलं पाणी आधी सोडायला हवं होतं. खाली धायरीच्या बाजूला नदीच्या कोरड्या पात्रात लोक कलिंगडांच्या वाड्या लावत. वाळूत खोपटी घालून उन्हाळाभर तिथंच राहत. पाणी सुटलं की त्यांच्या वाड्या वाहून जाणार, म्हणून आठ दिवस आधी त्यांना कळवायचं होतं. मुख्य कारकुनांनी मला विचारलं, दवंडी पिटवायची की कागद धाडायचा? मी म्हटलं, दवंडी वाऱ्यावर जाते, कागद राहतो. ते म्हणाले, मग लिहा.

लिहिलं की! बसून, बोरू नवा तासून, फारसी शब्दांची पेरणी करत असा झोकात लिहिला की मलाच तो दोनदा वाचावासा वाटला. खाली शिक्का उठवला. जासूद गेला, धायरीच्या पाटलांच्या हाती कागद देऊन आला. कचेरीत नोंद झाली आणि मी हात झटकले.

आठव्या दिवशी सकाळी आमच्या दारी नेहमीची बाई कलिंगडं घेऊन आली. धायरीचीच. नवऱ्यामागं एकटीनं वाडी करायची. आमच्या घरातल्या मंडळींचं आणि तिचं चांगलं जमायचं. लेकीचं लग्न अक्षय्य तृतीयेला धरलंय, असं ती सांगत होती. मोठी फळं अजून वेलावरच आहेत, चार दिवसांनी तोडली की लग्नाचं सगळं त्यातून निघेल म्हणाली. मी आत संध्या करत होतो. ते चार दिवस कानावर पडले आणि माझ्या हातातली पळी खाली पडली.

बाहेर येऊन विचारलं, अगं, तुमच्याकडं कागद आला ना?

"आला की. शिक्क्याचा कागूद, पाटलानं डोईला लावला, हळदकुंकू वाहिलं न् देव्हाऱ्यात ठिवला. कुलकर्णी लगनाला गेलाय, त्यो आल्यावर वाचनार हाय."

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी पाणी सोडायचं होतं, जोशांनी मुहूर्त काढून दिलेला. मी तसाच उघड्या अंगावर उपरणं टाकून मुख्य कारकुनांकडं धावलो आणि घोडा मागितला. त्यांनी पानाचा देठ खुडत विचारलं, घोडा कशाला, कलिंगडं वाहायला? कागद पोचल्याची नोंद आहे, मुहूर्त हलत नाही, आपण जागेवर बसावं. मी बसलो. आजही सांगताना जीभ जड होते, पण बसलो खरा. नोकरी जाईल या भीतीनं बसलो.

तोवर घरात मंडळींनी तिला सगळं सांगून टाकलं होतं; तो कागद मी कौतुकानं त्यांना वाचून दाखवलेला होता. फळं आमच्या ओट्यावर तशीच टाकून बाई निघाली. चार कोसांची वाट, वर चैत्राचं ऊन.

पुढचं सगळं मला चार दिवसांनी तिच्याच तोंडून कळलं. ती आली ती रिकाम्या हातांनी. मंडळींनी तिला बसवलं, गूळपाणी दिलं. मी दारात उभा होतो. धायरीच्या वाड्यांतली फळं वाचल्याचं तेवढं मी आधी ऐकलं होतं. लोकांनी पिकली-कच्ची सारी फळं तोडून काठावर ओढली होती. त्यामुळं मनातून मी जरा खूशही होतो.

तिची वाडी सगळ्यात वरच्या अंगाला होती. पुण्याकडनं जाताना आधी इतरांच्या लागायच्या. प्रत्येक खोपटाशी थांबून तिनं सांगितलं. ऐकून लगेच कोण उठतंय? कुणी म्हटलं, पाटील कसा बोलला नाही? कुणी म्हटलं, तुला गं कुणी सांगितलं? तिनं लेकीची शपथ घातली, एका म्हाताऱ्याचे तर वेल आपल्या हातानं तोडायला लागली, तेव्हा बाकीचे हलले. असं करत करत ती आपल्या वाडीशी पोचली तेव्हा तिथं गुडघाभर पाणी होतं. एक फळ हाती लागलं नाही. लग्न मोडलं नाही, पण वर्षभर पुढं गेलं.

तू आधी आपल्या वाडीकडं का नाही गेलीस, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"वाटंत मानसं हुती नव्हं, दादा," ती म्हणाली.

मंडळी माझ्याकडं बघतही नव्हत्या. बाई उठली, पदर नीट केला आणि पायरीवर क्षणभर थांबली.

"म्होरल्या खेपंला कागूद नगा धाडू. मला सांगा, मी समद्यांस्नी सांगते," ती म्हणाली. "पन चार दिस आदी सांगा."