काळ्या काचेवरची अक्षरं

लढाईच्या त्या दिवसांत आमच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे मोहल्ल्याचं ब्लॅकआउटचं वॉर्डनपणही आलं. दंडावर पट्टी, गळ्यात शिट्टी. शत्रूला जबलपूरचे कारखाने दिसू नयेत ही जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, अशा चालीनं ते संध्याकाळी गल्लीतून फिरत. एरवी मराठी बोलणारे हेडमास्तर पट्टी बांधली की हिंदीत शिरत. हुकूम हिंदीत जास्त शोभतो, असं त्यांचं मत असावं.

मी दुसरीत होते आणि मला वाचता येत नव्हतं. ग, म, भ मला सारखेच दिसत आणि माझी निम्मी अक्षरं पाटीवर तोंड फिरवून उभी राहत. परीक्षेपर्यंत वाचायला आलं नाही तर पुन्हा दुसरीतच बसावं लागेल, असं हेडमास्तरांनी आईला सांगून ठेवलं होतं. म्हणजे मैत्रिणी तिसरीत आणि मी धाकट्या भावाच्या शेजारी. मला तेवढंच एक युद्ध ठाऊक होतं.

बाबा कारखान्यात मार्कर होते. लोखंडी पत्र्याला रंग फासायचा आणि कुठे कापायचं त्या रेषा टोकदार सळईनं त्यावर ओरखडायच्या, हे त्यांचं काम. नव्या माणसाला ते नकाशा समजावत बसत नसत. आधी रेषा ओढायला लावत.

"नुसतं पाहून नाही येत ते," ते आईला म्हणाले. "हात चालला की डोळा मागून येते."

"पोरगी आहे ती, पत्रा नाही," आई म्हणाली.

खिडकीच्या काचा आम्ही आतून काळ्या रंगवल्या होत्या. बाबांनी मला एक खिळा दिला आणि खालची काच माझ्या हवाली केली. रोज एक अक्षर: आधी बोटानं, मग खिळ्यानं, मग डोळे मिटून हवेत. दिवा लावायच्या आत बाबा काचेवर घोंगडी टांगत. काही आठवड्यांत ग आणि म वेगळे झाले. कसे, ते मला आजही सांगता येणार नाही. जबलपूरच्या राइट टाउन भागात हल्ली अक्षरं अशी उलटसुलट दिसणाऱ्या मुलांसाठी एक दवाखाना आहे. त्याचं लांबलचक नाव वाचता येणाऱ्याला उपचाराची गरज उरत नाही.

एके दिवशी आईनं घोंगडी धुतली आणि ती वाळलीच नाही. दिवा मात्र लागला. लगेच शिट्टी.

"आपके यहाँ से रोशनी आ रही है," हेडमास्तर बाहेरून म्हणाले. "और ये लिखा क्या है? कौन-सी भाषा है ये?"

मी आणि बाबा बाहेर धावलो. अंधाऱ्या भिंतीत माझी अक्षरं लख्ख उजळली होती. मला हसू आलं.

"सर, तुम्ही मागून पाहून राहिले. सगळी उलटी दिसतात इथून. गचा दांडा उजवीकडे पाहिजे."

बाबा काचेकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

हेडमास्तरांनी खाकी कागद गुंडाळलेला टॉर्च लावला आणि आपला नियमांचा छापील कागद माझ्यापुढे धरला. मी फ्रॉकवर बोटानं एकेक अक्षर गिरवत वाचलं, "खिड़की से रोशनी बाहर न जाए."

"आगे?"

पुढे 'उल्लंघन' होतं. "हे जोडाक्षर आहे, सर. हे आम्ही काचेवर अजून नाही घेतलं."

हेडमास्तर खोकले. पट्टी दंडावर होती, तरी मराठीत बोलले.

"असली जोडाक्षरं तिसरीत असतात. तिथे शिकशील. आणि अहो, ती काच रंगवा आत्ताच्या आत्ता."

बाबांनी दिवा मालवला आणि चाचपडत रंगाचा डबा शोधला. इतक्या आनंदानं काच रंगवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खरं तर तेव्हाही दिसत नव्हतेच. अंधारात नुसती त्यांची शीळ ऐकू येत होती.