खुटबावच्या फाटकावरच्या दशम्या

कासमभाईच्या गिरणीत दळण टाकून जाईबाई पायरीवर टेकली होती, तेव्हा आतलं भांडण तिच्या कानावर आलं. पट्टा घरघरत होता, तरी गावपुढारी बबनरावाचा आवाज त्याच्या वर चढत होता.

"सौरक्षण खात्याचा सेक्रेटरी राष्ट्रपती झालाय! वाघ हाय वाघ!"

"व्हय, पन निवडला कुनी त्याला?" कासमभाई म्हणाला. "आपल्या सोसायटीचा चेअरमन वारला, तवा सेक्रेटरीनं किल्ल्या खिशात घातल्या. तुमीच त्याची गचांडी धरली व्हती न्हवं?"

"त्ये येगळं. आता लढाई चालू हाय."

"म्हंजी लढाई लागली की किल्ल्या खिशात घातल्या तरी चालत्यात?"

"तू गप दळ. तुझ्यासारक्यानं तर तोंडच उघडू नये."

कासमभाईनं पुढचं दळण ओतलं. जाईबाईनं पायरीवरनंच बाहेर पच्चकन थुंकलं. तोंडात काही नव्हतं, नुसता वीट आला होता.

एकाहत्तरच्या थंडीत लढाई पेटली आणि पहिल्याच आठवड्यात दिल्लीतली वरची सगळी माणसं एकाच विमानाच्या अपघातात गेली, असं रेडिओ म्हणाला. मागं उरला तो हा सेक्रेटरी. उभ्या जन्मात कुणाच्या दारी मत मागायला गेला नव्हता, पण शपथ मात्र घेऊन मोकळा झाला. लढाई संपली की मी घरी जाईन, म्हणाला. खुटबावला ते खरं वाटलं. गावाला जेवण झालं की हात धुऊन उठणारेच पाहुणे ठाऊक.

जाईबाई बौद्धवाड्यातली. नवरा कधीच गेलेला, हाताला रोजंदारी, आणि एकुलता एक पोपट पलटणीत. त्याचा जोडीदार सुटीवर आला तेव्हा निरोप देऊन गेला, की आमची गाडी पुण्याकडनं दौंडला जाईल, कधी ते आम्हालाही सांगत नाहीत, पण खुटबावला थांबली तर आईला म्हणावं फाटकापाशी ये.

तेव्हापासून तिची रोजची खेप सुरू झाली. ज्वारीचं पीठ दुधात मळायचं, दशम्या भाजायच्या, म्हणजे वाटेत चार दिवस टिकतात. वर लसणाची चटणी. फडक्यात गाठ मारून रेल्वेच्या फाटकाशी जाऊन बसायचं. गाडी आली नाही की फाटकवाला गेणबा खायचा. "आक्का, तुझा पोपट येईस्तवर मीच फुगतोय बघ," म्हणायचा.

अशात एका सकाळी बबनरावाची ट्रक वाड्याच्या तोंडाशी उभी राहिली. राष्ट्रपतींची स्पेशल गाडी दौंडला थांबणार, घरटी एक बाई पाहिजे. प्रत्येकीच्या हातात त्याचा फोटो छापलेलं कागदी निशाण.

"जी येणार न्हाई तिच्या रेशनच्या साखरेचं मी बघतो," बबनराव म्हणाला.

जाईबाई म्हणाली, "मला ऱ्हाऊ द्या, बबनराव. माझं पोरगं जायाचंय ह्या वाटेनं."

"अगं, मिलिटरीची गाडी काल रातीच गेली! मला टेशन मास्तरनं सांगितलं. चढ, उशीर होतुय."

कुठला मास्तर आणि कसलं काय. बायका मोजून भरायच्या होत्या, म्हणून जिभेला आलं ते बोलला. पण तिला ते खरं वाटलं. गाठोडं तसंच घेऊन ती ट्रकमध्ये चढली. आपला नाही तर दुसरीचा कुणी खाईल.

दौंडच्या फलाटावर टेबलं मांडली होती, चादरी घातल्या होत्या, पुऱ्यांचे ढीग आणि पातेलीभर श्रीखंड. तिनं गाठोडं टेबलावर ठेवलं, तर बबनराव दोन बोटांनी दाखवत म्हणाला, "त्ये तिकडं. नळापाशी." का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. ह्यांचा पोरगा सरहद्दीवर चालतो, ह्यांची भाकरी टेबलावर चालत नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा स्पेशल आली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. थांबायचं दूरच, वेगसुद्धा कमी केला नाही. इंजिनाची काजळी सगळ्या श्रीखंडावर बसली. बबनराव हार हातात धरून रिकाम्या रुळाला जय म्हणत राहिला. मग बोटानं वरची काजळी निपटली आणि आपल्या माणसांना म्हणाला, "बसा रं, खाली चांगलं हाय."

परत येताना रस्ता जिथं रुळाजवळ येतो, तिथं समोरून जवानांची गाडी धडधडत आली. पोरं खिडक्यांतून हात हलवत होती. बायकांनी एकच गिल्ला केला. जाईबाईनंही हातातलं निशाण हलवलं. गाठोडं मांडीवर होतं.

फाटकाशी उतरली तर गेणबा मान वर करीना.

"आक्का, गाडी सकाळपासनं हितंच उभी व्हती गं. त्या स्पेशलला वाट द्यायला. पोपट तुझ्या दारापत्तुर जाऊन आला. कडी बघून माघारी फिरला."

"काय म्हनला?"

"म्हनला, आई रानात गेली आसंल."

पोपट आला नाही. लढाई संपली, पण सेक्रेटरी काही उठला नाही. बबनराव पोपट कामी आल्याचा सरकारी कागद घेऊन आला आणि सोबत राष्ट्रपतीचा काचेत बसवलेला फोटो. "दर्शनी लाव," म्हणाला, "मान हाय त्यो." जाईबाईनं फोटोकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या बाबासाहेबांकडं पाहिलं.

"हितं जागा न्हाई," ती म्हणाली. "पन कोंबड्यांच्या खुराड्याचं दार मोडलंय. तिथं बराबर बसंल."

आणि बसवलाच. कासमभाई मुद्दाम बघायला आला आणि पोट धरून हसला. कोंबड्यांनी पुढचं सगळं आपल्या परीनं केलं.

त्यानंतर खुटबावला जवानांची गाडी उभी राहिल्याचं गेणबानं ओरडून सांगायचा अवकाश, जाईबाई फडकं घेऊन निघे. दशम्या सकाळीच भाजून ठेवलेल्या असत, दूध कायम घरात असे. ट्रकमध्ये मात्र पुन्हा पाय ठेवला नाही. साखर बंद झाली, तर गुळाचा चहा प्यायली.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ट्रक परत वाड्याच्या तोंडाशी. तोच राष्ट्रपती, तोच बबनराव, नुसते केस पांढरे.

"चढ गं जाये."

"मिलिटरीची गाडी कालच गेली का हो, बबनराव?"

"कसली गाडी?" तो खरंच विसरला होता.

जाईबाईनं त्याच्या पायापाशी थुंकलं. आठवडाभर अंगात ताप होता, चालताना दोनदा टेकावं लागलं, पण फाटक गाठलं. गाडी उभी होती. एका पोरानं खिडकीतून हात काढला. "माई, किसके लिए लाई?"

"तुज्यासाटीच, खा. सावकाश खा, चटणी तिखाट हाय."

ती शेवटची खेप. घरी येऊन तिनं फडकं झटकलं, धुऊन दोरीवर टाकलं, आणि उद्याच्या पिठासाठी शेजारणीकडनं दूध आणून ठेवलं.