सात विहिरींचा एकच झरा

रेणापूरपासून पाच कोसांवर आमचं गाव. गावात सात विहिरी, सात मालक, आणि प्रत्येकाचं ठाम मत की आपला झरा स्वतंत्र. माझी नात उज्वला आठ वर्षांची असताना गाठी मारलेला दोर घेऊन माझ्यासंगं फिरायची. दर रविवारी पाणी किती गाठी खाली गेलं ते पाटीवर लिहायची. चैत्रात सहा विहिरी एकाच आठवड्यात आटल्या, तळ्याखालची तेवढी राहिली.

"आबा, ह्या सहा न्हाईत. एकच हाय," ती म्हणाली.

मी कौतुकानं हे गावभर सांगितलं. सहाही मालक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. एकानं तर उसनी नेलेली कुदळ अजून दिली नाही, पण ते असो.

पुढं ती नांदेडला संख्याशास्त्र शिकली आणि लातुरात एका पतसंस्थेत जोखीम अधिकारी म्हणून लागली. चेअरमन वसंतराव, रिटायर हेडमास्तर. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा: कर्ज सात धंद्यांत वाटलेलं. वसतिगृहं, खानावळी, झेरॉक्स, पुस्तकं, रिक्षा, पाण्याचे टँकर, दूध. एक बुडाला तर सहा तारतील.

उज्वलानं पाच वर्षांचे हप्ते महिन्यावार सात रकान्यांत मांडले आणि संगणकावर त्यांचे प्रिन्सिपल कंपोनंट काढले. मला समजावताना म्हणाली, "आबा, विहिरींसारखंच. सातही रकाने वरखाली होतात. सगळ्यांना मिळून हलवणारं सर्वांत मोठं काय, ते आधी शोधायचं. मग उरलेल्यात दुसरं. इथं पहिल्यातच शंभरातले ब्याऐंशी भाग निघाले."

ते पहिलं म्हणजे काय, हे मलाही कळलं. क्लाससाठी बाहेरगावाहून येणारी पोरं. पोरं हायेत तोवर सात धंदे.

वसतिगृहांना नवीन कर्ज देण्याचा ठराव वार्षिक सभेत येणार होता. तो थांबवून हाताशी रोकड ठेवा, एवढंच तिचं म्हणणं. तिचा जीव अडकलेला होता दुसरीकडं. तिची आई, माझी लेक गुणाबाई, हिच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्याची तारीख दिलेली. जावई एसटीत कंडक्टर होते; ते वारल्यावर आलेला सगळा पैसा त्याच संस्थेत ठेव म्हणून.

"मग काढ की ठेव," मी म्हणालो.

"अधिकाऱ्यानंच घरची ठेव काढली तर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागंल, आबा. आधी सभेत सांगते."

सभेत ती दहा मिनिटं बोलली; सभासद म्हणून मीही मंडपात होतो. वसंतराव हसत उठले. "मॅडमनी सात धंद्यांचा एक धंदा करून टाकला. उद्या आपल्या सातशे जणांचा एकच बाप काढतील." मंडप हसला. मीही थोडा हसलो.

आता त्या संस्थेची रीत अशी, की मतदानाआधी सर्वांत वयोवृद्ध सभासदाचा सत्कार. त्या साली माझा नंबर. वसंतरावांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला, पाया पडले. लगेच म्हणाले, ठराव मान्य असणाऱ्यांनी हात वर करा. खांद्यावर त्यांची ऊबदार शाल, आणि मी हात खाली कसा ठेवू? नारळ मांडीवर ठेवला आणि केला वर. म्हटलं, सातशेत एका हातानं काय होतंय.

सहा महिन्यांनी कोरोनानं क्लास बंद झाले, पाठोपाठ टाळेबंदी लागली. तीन दिवसांत पोरं पेट्या घेऊन आपापल्या गावी गेली. एप्रिलमध्ये सातही रकाने एकदम कोरडे. जूनमध्ये संस्थेनं ठेवी द्यायचं बंद केलं. गुणाबाईची तारीख निघून गेली. मी नातलगांच्या दारी फिरलो. दूधवाल्या भाच्याकडं, रिक्षावाल्या पुतण्याकडं, खानावळ चालवणाऱ्या बहिणीकडं. सगळे रडकुंडीला आलेले. त्यांचाही पैसा तिथंच, धंदाही तोच. तेव्हा मला ते ब्याऐंशी भाग खरे समजले.

श्रावणात गुणाबाई गेली.

नंतर संस्थेवर प्रशासक आला. त्याला सभेचं इतिवृत्त दाखवायला उज्वला निघाली, मीही संगं गेलो. वहीत अक्षर तिचंच होतं, गोल, नीट. 'सूचनेची नोंद घेण्यात आली. ठराव एकमताने मंजूर.'

"पोरी, एकमतानं कसं? तू तर विरोधात होतीस."

"मी नोकर, आबा. हात सभासदांचेच मोजतात." तिनं वही मिटली. "मीच मोजले. पहिल्या रांगेपासून."

पहिल्या रांगेत मी बसलो होतो.